शिळ्या पावाचा पदार्थ

आमच्या वरसे गावात ईदसाठी आणलेले पाव कधी कधी उरतात. ते टाकू नका.

चार शिळ्या पावांचे लहान तुकडे करा. दोन अंडी मीठ घालून फेटा व त्यात तुकडे घोळवा. कढईत तेल तापवून मोहरी तडतडू द्या. मग चिरलेला कांदा, मिरची व हळद परता. त्यात तुकडे टाका आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्या. अधूनमधून हलवा. मटणाच्या रश्श्याबरोबर वाढा.

ताज्या पावाचा लगदा होतो. शिळा पाव घट्ट असतो, म्हणून तुकडे मोकळे राहतात. मात्र बुरशी दिसली, तर तो पाव संपूर्ण फेकून द्या. बुरशीचे बारीक धागे आतही पसरलेले असतात. अन्न वाचवावे, पण आरोग्य सांभाळून!