‘जगायला जाणे’ आणि कविता
मोखाडा तालुक्यातील खोडाळा परिसरात भातकापणी आटोपल्यावर वीटभट्टीच्या वा बांधकामाच्या मजुरीसाठी गाव सोडण्याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. कवी नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या आयुष्याचा पूर्वार्धही याच शब्दांत मावतो. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलेल्या या अनाथ मुलाने मुंबईत घरगडी, हॉटेलातला पोऱ्या आणि गिरणी कामगार अशी कामे केली, महापालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी धरली आणि पुढे शिकून शिक्षकाचा पेशा पत्करला. कविता मात्र नोकऱ्या संपण्याची वाट पाहत थांबली नाही. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आणि ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये हे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. या दुसऱ्या नावातील विद्यापीठ म्हणजे कामगारवस्ती व रस्ता, जिथे पदवी मिळत नाही. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.