मोठे अक्षर कानाला कसे कळते?

मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू व्हायचे, त्या काळात शिकलेल्यांना ‘पहिली लिपी’ आणि ‘दुसरी लिपी’ हे शब्द नक्की आठवत असतील. छापील मोठी अक्षरे म्हणजे पहिली लिपी आणि छापील लहान अक्षरे म्हणजे दुसरी. हाताने जोडून लिहायची ती तिसरी आणि चौथी. सन २००० पासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवू लागले आणि हे शब्द मागे पडले. एकच अक्षर चार-चार रूपांत ओळखताना मुलांची तारांबळ उडायची, पण ती तारांबळ डोळ्यांची होती. कानाला चारही लिप्या सारख्याच. मोठा ‘ए’ म्हणा की लहान ‘ए’, उच्चार एकच. मग ज्याला दिसत नाही, ज्याचा सारा व्यवहार कानावर चालतो, त्याला हा फरक कळायचा कसा?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु आज बँक, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, रेल्वेचे तिकीट, सगळे संगणकावर किंवा फोनवर आले आहे आणि त्या प्रत्येक दारावर पासवर्डचे कुलूप आहे. या कुलपाला मोठे अक्षर वेगळे आणि लहान अक्षर वेगळे.

दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो ‘स्क्रीन रीडर’ नावाच्या प्रणालीच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर ही प्रणाली बोलून दाखवते. टेड हेन्टर या अमेरिकेतल्या दृष्टिहीन गृहस्थांनी उभारलेल्या कंपनीचे ‘जॉज’ १९८९ मध्ये आले. ते विकत घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन यांनी २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ तयार करायला घेतले आणि जेम्स टे त्यांना येऊन मिळाले. हे दोघेही दृष्टिहीन. त्यांची प्रणाली मोफत मिळते. गावखेड्यातल्या विद्यार्थ्याला ती परवडते, कारण तिला पैसेच पडत नाहीत.

ही प्रणाली अक्षराचे चित्र पाहत नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, लहान ‘ए’चा ९७. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५. स्क्रीन रीडर हा क्रमांक वाचतो आणि आवाजाच्या यंत्रणेला सांगतो, ‘हे बोल.’ म्हणजे अक्षर मोठे की लहान, हे यंत्राला पक्के ठाऊक असते. ते हरवते तोंडातून बाहेर पडताना, कारण ६५ आणि ९७ या दोहोंचा उच्चार एकच. कागदावरची गोष्ट आवाजात मावत नाही, तेव्हा तिच्यासाठी वेगळी खूण करावी लागते.

एनव्हीडीएमध्ये अशा तीन खुणा आहेत. पहिली खूण आवाजाच्या पट्टीची. मोठे अक्षर आले की ते किंचित वरच्या पट्टीत उच्चारले जाते. मुळात ही वाढ तीस टक्के ठेवलेली असते. ती कमी-जास्त करता येते, आकड्यापुढे उणे चिन्ह दिले तर मोठे अक्षर खालच्या पट्टीतही बोलते. दुसरी खूण शब्दाची. अक्षराआधी ‘कॅप’ असा शब्द उच्चारला जातो. तिसरी खूण नुसत्या ‘बीप’ची. एक, दोन किंवा तिन्ही खुणा एकाच वेळी चालू ठेवता येतात.

त्या बदलायच्या कशा? एनव्हीडीए चालू असताना इन्सर्ट आणि एन या कळा एकत्र दाबल्या की त्याचा मेनू उघडतो. त्यात आधी प्रेफरन्सेस, मग सेटिंग्ज, मग स्पीच. घाई असेल तर इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकदम दाबल्या की माणूस थेट तिथेच पोचतो. टॅबची कळ दाबत पुढे सरकले की पट्टीच्या टक्केवारीची चौकट, ‘कॅप’ म्हणण्याचा पर्याय आणि बीपचा पर्याय कानावर येतात. हवा तो निवडायचा आणि एन्टर दाबायचे. आयफोनच्या ‘व्हॉइसओव्हर’मध्येही अशीच सोय आहे. तिथे व्हर्बोसिटी या भागात मोठ्या अक्षरासाठी शब्द, ध्वनी किंवा पट्टीतला बदल निवडता येतो, किंवा काहीच नको असेही सांगता येते.

तीनपैकी चांगली खूण कोणती, याचे एक उत्तर नाही. पट्टीची खूण वेळ खात नाही, पण तिला चांगला कान लागतो. वयामुळे ज्यांना उंच स्वर कमी ऐकू येतात, त्यांना ‘कॅप’ हा शब्द बरा. पण दहा मोठी अक्षरे ओळीने आली तर दहा वेळा ‘कॅप’ ऐकावे लागते आणि डोके भणभणते. बीपला भाषा नाही, म्हणून इंग्रजी कच्चे असलेल्यालाही ती समजते. आणखी एक गोष्ट. ही खूण अक्षर सुटे वाचले जाते तेव्हाच मिळते. सलग वाचनात वाक्य सरळ वाहत जाते. अक्षराची खात्री करायची तर बाणाच्या कळीने एकेक अक्षर पुढे जावे लागते.

आमच्या ओळखीचा एक तरुण आहे, देवरी तालुक्यातला. दिसत नाही, पण संगणकावर बोटे अशी चालतात की बघत राहावे. एकदा एका बँकेचा नवा पासवर्ड त्याला ईमेलने आला. त्याने अक्षर-अक्षर ऐकला, तसाच टाइप केला. नकार. पुन्हा केला, पुन्हा नकार. तिसऱ्या नकाराला खाते बंद झाले. परीक्षेचे शुल्क भरायची मुदत त्याच दिवशी संपत होती. शेवटी त्याला शेजाऱ्याच्या खात्यातून पैसे भरून घ्यावे लागले आणि त्यासाठी अर्जाची सगळी कुंडली त्या शेजाऱ्याच्या हाती द्यावी लागली. पुढे कारण सापडले. वेगाने ऐकताना शब्द स्पष्ट कळावेत म्हणून त्याने आवाजाची पट्टीच अगदी वर नेऊन ठेवली होती. तिच्या वर जायला जागा उरली नव्हती, म्हणून मोठे अक्षर आले तरी आवाज बदलत नव्हता. मला म्हणाला, “चाचा, पैशाचं काही नाही. परत दिले. पण माझी जन्मतारीख, माझे मार्क, सगळं दुसऱ्यानं वाचलं.” आता त्याने पट्टी खाली आणली आहे आणि बीपही चालू ठेवली आहे.

डोळस माणसाला या शेवटच्या वाक्याचे वजन चटकन कळत नाही. आपण पासवर्ड हाताने झाकून टाइप करतो. ज्याला दर वेळी दुसऱ्याला विचारावे लागते, त्याचे काहीच झाकलेले राहत नाही. पासवर्डच्या चौकटीत तर स्क्रीन रीडर अक्षरही सांगत नाही, प्रत्येक अक्षराला नुसते ‘स्टार’ म्हणतो. तसे हवेच, नाहीतर शेजारी बसलेला ऐकेल. पण मग चुकून कॅप्स लॉक चालू राहिले तर? त्यासाठी एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये एक पर्याय आहे. कॅप्स लॉक चालू असताना शिफ्टमुळे लहान अक्षर उमटले तर तो बीप देतो. शिवाय कॅप्स लॉकची कळ दाबली की ती चालू झाली की बंद, हेही ऐकू येते.

काही ठिकाणी कान डोळ्यापेक्षा वरचढ ठरतो. बँकेच्या आयएफएससी क्रमांकात अकरा चिन्हे असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य आणि उरलेली सहा शाखेची. हे शून्य आहे की ‘ओ’, यावर डोळस माणसे हमखास अडखळतात. स्क्रीन रीडर ‘झिरो’ म्हणतो, प्रश्न मिटतो.

मी मराठीत लिहितो, उर्दू वाचतो. या दोन्ही लिप्यांत मोठे-लहान अक्षर नाही. वाक्याचा आरंभ असो की माणसाचे नाव, अक्षर तेच. देवनागरीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘के’ची कळ दाबली तर ‘क’ उमटतो आणि शिफ्टसह दाबली तर ‘ख’. म्हणजे आपल्याकडे शिफ्टने अक्षराचा आकार नव्हे, अक्षरच बदलते. पण म्हणून मराठीत कानाची अडचण नाही असे नव्हे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. बोलण्यात दोन्ही जवळजवळ सारखे. ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे तर इथेही एकेक अक्षर, एकेक मात्रा ऐकत जावे लागते. लघु-गुरू मोजत ओळ बांधणाऱ्याला हे काम ओळखीचे वाटेल.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती आणि सेवा सुगम करण्याचे बंधन घातले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. त्यातल्या याचिकाकर्त्यांत ॲसिड हल्ला सोसलेल्या व्यक्ती होत्या आणि एक दृष्टिहीन वकीलही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील स्क्रीन रीडरच्या आधारे अभ्यास करून भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. साधन हाती असले की माणूस कुठवर जातो, हे त्यातून दिसते.

आपल्यासारख्या डोळसांनी काय करावे? मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत क्रमांक इंग्रजी अक्षराचा असतो, आणि स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरे बडबडतो. सूचनेचा फोटो पाठवला तर सोबत तोच मजकूर टाइप करूनही द्यावा. कोणाला फोनवर पासवर्ड किंवा संकेतस्थळाचा पत्ता सांगताना अक्षर मोठे की लहान हे बोलून सांगावे. आणि घरात, शेजारी किंवा शाळेत कोणी दृष्टिहीन मूल संगणक शिकत असेल, तर पहिल्याच दिवशी त्याच्यासोबत बसून या तिन्ही खुणा ऐकून पाहाव्यात. कोणती ठेवायची, ते त्याच्या कानाला ठरवू द्यावे.