‘आ’ की ‘ऊ’? जुना सिंथेसायझर आणि त्यातला फिल्टर

ध्वनीचा पाठ घेताना वर्गात एक करून बघा. मुलांना एकाच सुरात ‘ऊ’ म्हणायला लावा आणि सूर न बदलता हळूहळू ‘आ’वर आणा. गळा तोच, सूर तोच, बदलतो फक्त तोंडाचा आकार. ‘ऊ’ म्हणताना वरचे, बारीक स्वर दबतात. ‘आ’ म्हणताना ते मोकळे होतात. हाच फिल्टर! लांबच्या वरातीतल्या डीजेचा नुसता धम्म-धम्म घरात ऐकू येतो, तिथेही भिंत फिल्टरचंच काम करते.

जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये हे काम कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर किंवा डायोड करतात. कटऑफचा नॉब ठरवतो की कुठपासून वरचे स्वर कापायचे. रेझोनन्सचा नॉब त्या कापण्याच्या जागेजवळचेच स्वर फुगवतो, म्हणून ‘च्यूंव’ असा आवाज येतो.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एचएमव्हीची एक रेकॉर्ड काढली. वाद्यं रोलँड कंपनीची : ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303. तेव्हा ती फारशी खपली नाही. पुढे शिकागोच्या कलाकारांनी 303 चा तोच फिल्टर पिळून ‘ॲसिड हाऊस’ संगीत गाजवलं. चरणजितजींची रेकॉर्ड 2010 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. 2015 मध्ये ते गेले. मला वाटतं, त्यांचं नाव मुलांना सांगायलाच हवं.

या 303 मध्ये लोक पुढे बदल करू लागले. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन व्हिटल यांचा ‘डेव्हिल फिश’ हा बदल प्रसिद्ध आहे. त्यात कटऑफचा पल्ला वाढतो, आणि बाहेरचा आवाजही फिल्टरमधून नेता येतो; म्हणजे माईक योग्य पातळीवर जोडला तर आपली पेटीसुद्धा! तत्त्व सोपं आहे. फिल्टरचे सगळे कपॅसिटर दुप्पट क्षमतेचे लावले की कटऑफ निम्म्यावर येतो, म्हणजे एक सप्तक खाली.

पण म्हणून जुनं यंत्र मिळालं की लगेच सोल्डरिंग गन घेऊन बसायचं का? माझं मत, नाही. 303 मधली बीए 662 ही चिप आता बनत नाही. एकदा जळली की अस्सल मिळणं मुश्कील. बदल करायचाच तर तो परत काढता येईल असा करावा : आधी फोटो, काढलेला भाग नाव लिहून पाकिटात, आणि डबा कापायचा नाही. ज्युपिटर-8 सारख्या मोठ्या यंत्रात थेट विजेचा पुरवठा आत येतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो, तेव्हा मुलांना ते उघडू देऊच नये.

लग्नातल्या बेंजो पार्टीकडे हल्ली जे कीबोर्ड असतात ते बहुतेक डिजिटल. त्यात असा बदल करता येत नाही. शाळेसाठी वेगळा मार्ग आहे. मोबाईलच्या इयरफोनचा आवाज 10 किलो-ओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलमधून (मधली पिन आणि कडेची एक पिन वापरून) सेलवर चालणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायर स्पीकरला द्या. स्पीकरकडच्या बाजूला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला जोडा. नॉब पूर्ण फिरवला की साधारण 160 हर्ट्झच्या वरचे स्वर दबायला लागतात. 1 किलो-ओहमवर आणला की हीच हद्द 1600 वर जाते. बासरीचं गाणं लावा, नॉब मुलांच्या हातात द्या आणि बाकीच्यांना डोळे मिटून ओळखू द्या : आता ‘आ’ की ‘ऊ’?