संशोधनाची दोन दारं : प्रवेश आणि पैसा

मंडळी, इथून, म्हणजे वडाळ्याहून, दादरच्या हिंदू कॉलनीत गेलं की बाबासाहेबांचं ‘राजगृह’ लागतं. त्यांच्या पदव्या आपल्याला तोंडपाठ असतात. खर्च कोणी केला, हे आपण क्वचितच विचारतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट अशी, की परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. कोलंबियाहून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले उसने पैसे, यांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

म्हणजे काय? प्रवेश आणि पैसा ही दोन वेगळी दारं आहेत. कोणतं आधी उघडतं, हे कळलं की निम्मी धावपळ वाचते. आपण तीन वाटा पाहू.

पहिली वाट : आधी पैसा. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, की पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पण पत्र हातात आलं म्हणजे झालं, असं नव्हे. विद्यापीठात जागा आणि मार्गदर्शक शोधायचा राहतोच. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. तेव्हा ‘सर, जागा आहे का?’ हे आधी विचारावं.

दुसरी वाट : आधी प्रवेश. बार्टी, सारथी, महाज्योती या आपल्या राज्यातल्या संस्थांची अधिछात्रवृत्ती मागताना पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते. मुंबई विद्यापीठाची पेट द्या, नोंदणी करा, मग अर्ज. मधले महिने घरखर्च कसा चालवायचा, याचा हिशेब घरच्यांसोबत आधीच मांडा. तो न मांडल्यानेच हुशार मुलं संशोधन सोडतात, बरं का.

तिसरी वाट : दोन्ही एकदम. आयआयटीत पूर्णवेळ प्रवेशाबरोबर अध्यापन साहाय्यक म्हणून विद्यावेतन मिळू शकतं. जर्मनी, नेदरलँड्समध्ये तर पीएच.डी.ची जागा पुष्कळदा नोकरीसारखी जाहीर होते, पगारासकट.

वाट कोणतीही असो, मार्गदर्शकाला पत्र लिहिताना ‘मला संशोधनाची आवड आहे’ एवढ्याने भागत नाही. त्यांचे दोन लेख वाचावेत आणि त्यातून आपला प्रश्न कुठे निघतो, हे एका पानात सांगावं. ‘भारतीय तत्त्वज्ञानातील नीती’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘कर्मसिद्धान्त मानला तर दुसऱ्याचं दुःख दूर करण्याची जबाबदारी कशी उरते?’ हा प्रश्न झाला.

आणि सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : पैसे कोणत्या तारखेपासून, किती वर्षं, आणि कोणत्या अटींवर? नियमानुसार पीएच.डी.ला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. अधिछात्रवृत्ती सहसा पाचच्या आत संपते. मधल्या वर्षाची तजवीज पहिल्याच वर्षी करून ठेवावी.