जानकीअम्मांनी जपलेला फोटो आणि घरातला उजेड

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की भिंतीवर लावायला फोटो शोधताना तारांबळ उडते. मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात, पण आजोबांचा नीट एकही नसतो. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करायचा, शेजारच्याचा खांदा पुसून टाकायचा. असंच एका जगप्रसिद्ध माणसाच्या बाबतीतही जवळजवळ घडलं होतं.

गणिती श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमला वाढले. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं त्यांचं छोटं घर आज स्मारक आहे आणि सास्त्र विद्यापीठ ते सांभाळतं. 1919 साली इंग्लंडहून परत येताना पासपोर्टसाठी त्यांनी फोटो काढला. प्रकृती ढासळलेली होती. पुढच्याच वर्षी, 26 एप्रिल 1920 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी ते गेले. 1936 मध्ये केंब्रिजचे प्रा. हार्डी यांना रामानुजनचा चांगला फोटो हवा होता. भारतात आलेल्या खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी मद्रासला जाऊन पत्नी जानकीअम्मा यांची भेट घेतली, आणि त्यांच्याकडे तो पासपोर्ट फोटो निघाला. पुढे 1980 च्या दशकात अमेरिकन शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांनी त्याच फोटोवरून रामानुजनचा ब्राँझचा अर्धपुतळा घडवला, आणि त्याची एक प्रत जानकीअम्मांनाही मिळाली. शिल्पकाराची अडचण लक्षात घ्या. समोरून काढलेल्या एका फोटोत नाकाची उंची, जबड्याची कड, कानामागचा उतार कुठून कळणार?

म्हणून घरच्या माणसाचे फोटो काढताना तीन तरी काढावेत: एक समोरून, एक तिरपा, एक पूर्ण बाजूने. तिरप्याकडे जास्त लक्ष द्या, कारण चेहऱ्याची ठेवण त्यातच सर्वांत चांगली उमटते. चित्रकारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. राजा रविवर्मांची व्यक्तिचित्रं बघा, प्रकाश बहुधा एका बाजूने येतो आणि चेहऱ्याची दुसरी बाजू हलक्या सावलीत असते. (जाता जाता: रविवर्मांना बडोद्याला बोलावणारे दिवाण सर टी. माधवराव मूळचे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घरातले. चित्रांच्या छापील प्रती काढा, हेही त्यांनीच रविवर्मांना सुचवलं होतं. आपल्या देवघरांतल्या कितीतरी तसबिरी अशा कुंभकोणमशी जोडलेल्या आहेत!)

आता उजेड. त्यासाठी महागडे दिवे लागत नाहीत, खिडकी पुरते. ट्यूबलाइट आणि फ्लॅश दोन्ही बंद करा. ट्यूबचा निळसर आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की त्वचेचा रंग बिघडतो, आणि फ्लॅश समोरून पडल्यामुळे चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो. आजींना खिडकीपासून दोन-तीन हातांवर बसवा आणि आधी तोंड खिडकीकडे करायला सांगा. मग हळूहळू आत वळवत न्या. नाकाची सावली पलीकडच्या गालावर पडू लागेल. त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला की थांबा. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ओळखला जाणारा प्रकाश तो हाच. डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका चमकतोय ना, तेही बघा. तो नसेल तर नजर विझल्यासारखी वाटते.

कुंभकोणमच्या जुन्या घरांना रस्त्याकडे तिण्णै असते, म्हणजे आपली ओसरी, आणि मध्ये उघडा चौक. आपल्या वाड्यांसारखंच. पण भर दुपारी चौकाच्या मधोमध कुणाला उभं करू नका. ऊन डोक्यावरून पडतं आणि डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या दिसतात. चौकाच्या कडेला, छपराखाली, तोंड उघड्या बाजूकडे करून बसवा. खालून थोडा उजेड हवा असेल तर मांडीवर पांढरं धोतर पसरा. अंगावर पांढरे कपडे असतील तर फोन फसतो आणि चेहरा काळवंडतो. तेव्हा स्क्रीनवर चेहऱ्यालाच बोट लावून उजेड ठरवा.

अंतराची चूक मात्र जवळपास सगळेच करतात. फोन चेहऱ्यापासून एका फुटावर धरला, तर कान नाकापेक्षा चार-पाच इंच मागे राहतात आणि नाक भलतंच मोठं दिसतं. पाच फूट मागे सरका आणि दुप्पट झूम करा. नाक जागेवर येतं.

बसण्याची ढब? खुर्चीत जरा पुढे सरकून, खांदे थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे. हनुवटी किंचित पुढे आणि जरा खाली. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर काड्या कानावरून थोड्या वर उचला, चमक निघून जाते. ‘हसा’ म्हणू नका, माणूस दात दाखवतो आणि डोळे तसेच राहतात. त्यापेक्षा विचारा, ‘आजी, तुमच्या लग्नात जेवायला काय होतं?’ उत्तर देता देता त्या मध्येच थांबतील, तेव्हा बटण दाबा. दहा-पंधरा फोटो काढा, एक नक्की जमतो. चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड तेवढा बंद ठेवा. सुरकुत्या त्यांच्याच आहेत.

हातांचं काय करायचं हा प्रश्न हमखास पडतो. त्यांना नेहमीचं काम द्या. विड्याच्या पानाचे देठ खुडणारे, जपमाळ ओढणारे, वर्तमानपत्र घडी करणारे हात आपोआप नीट बसतात. हातांचा एक वेगळा फोटोही काढा. पुतळ्यासाठी नको असेल, पण नातवंडांना पुढे तो हवा असतो.

शेवटी निवडलेल्या फोटोंना नाव, गाव आणि तारीख द्या, आणि एक प्रत कागदावर छापून घ्या. जानकीअम्मांजवळचा फोटो सतरा वर्षं टिकला, तो कागदावर होता. आपले फोन इतकी वर्षं चालत नाहीत.