फ्रिजवरची चिठ्ठी

सकाळी ६.३०

चहाचं आधण ठेवलं आणि फ्रिजवरची चिठ्ठी काढून टेबलावर आणली. माझ्याच अक्षरातली, कडा पिवळ्या पडलेली. ‘फोटो – १९२.१६८.१.१० : २२८३. सिनेमे – : ८०९६. घर – : ८१२३.’ टीव्हीखालच्या कपाटात एक जुना छोटा कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतो. त्यावर डेबियन आणि डॉकर आहे. डॉकरमध्ये फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन, दिवे-पंख्यांसाठी होम असिस्टंट आणि पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन. वर्षभर हा सगळा संसार आकड्यांवर चाललाय.

आईला मिरजेत बसून नातीचे फोटो बघायचे आहेत. तिला हे आकडे फोनवर सांगून उपयोग नाही, कारण ते घराच्या वायफायबाहेर चालतच नाहीत. तिला एक नाव हवं, बोटाने दाबलं की उघडणारं. आजचा शनिवार त्यासाठीच राखून ठेवलाय.

सकाळी ७.१५

करायचं ते एवढंच: सगळ्या सेवांच्या पुढे एकच दार. साधा प्रॉक्सी घरातल्यांच्या वतीने बाहेर जातो. रिव्हर्स प्रॉक्सी बाहेरून येणाऱ्याला घरातल्यांच्या वतीने सामोरा जातो. जुन्या वाड्याच्या दरवाजात दिंडी असते ना, तसं. मोठं दार बंद, माणूस वाकून दिंडीतून आत येतो, कोणाकडे जायचंय ते सांगतो आणि मग त्याला त्या सोप्याकडे पाठवतात. इथे ‘कोणाकडे’ हे नावावरून कळतं. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत साइटचं नाव पाठवतोच, प्रॉक्सी ते वाचतो.

मी एंजिनएक्स निवडला. कॅडी सोपा आहे, सर्टिफिकेटही आपणहून आणतो. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी तोच सांगेन. पण ऑफिसात माझा हात एंजिनएक्सवर बसलाय. इगोर सिसोएव्ह यांनी तो २००४ मध्ये खुला केला, एका सर्व्हरवर एकाच वेळी दहा हजार जोडण्या पेलाव्यात म्हणून. तोच आता आमच्या चौघांसाठी दारात उभा राहील, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

सकाळी ८.००

पहिली ठेच. राउटर म्हणतो बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो. बाहेरची साइट भलताच पत्ता दाखवते. म्हणजे आम्ही सीजीनॅटमागे आहोत. आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते पुरेनात म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात आणि आत १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले पत्ते वाटतात. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. अशा घरात राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तिथवर पोचतच नाही.

कनेक्शनवाल्यांना फोन केला. स्वतंत्र पत्ता मिळतो, पण अर्ज सोमवारी. मला तोवर थांबायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर घराच्या राउटरला भोक पाडायला माझा जीव धजत नव्हताच.

सकाळी ९.३०

म्हणून मुंबईच्या डेटा सेंटरमधलं सगळ्यात लहान क्लाउड मशीन भाड्याने घेतलं. घरच्या कॉम्प्युटरने तिथवर वायरगार्डचा बोगदा काढला. बोगदा आतून बाहेर जातो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. दर २५ सेकंदांनी एक बारीकसा ठोका पाठवायला सांगितलं, नाहीतर कंपनीचं नॅट ती वाट विसरून जातं.

एक गोष्ट मी हट्टाने केली. मुंबईचं मशीन फक्त हमाल आहे. ४४३ पोर्टवर आलेलं बंद पाकीट ते न फोडता बोगद्यातून घरी ढकलतं. एन्क्रिप्शन उघडतं ते घरच्या एंजिनएक्सवर, किल्लीही घरातच. आपले फोटो आपल्याकडे राहावेत म्हणून एवढं करायचं आणि किल्ली भाड्याच्या खोलीत ठेवायची, हे मला पटत नाही.

मग नाव. डोमेन मागच्याच वर्षी घेऊन ठेवलं होतं. त्याच्या पुढे ‘फोटो’, ‘सिनेमा’ आणि ‘घर’ लावले आणि तिन्हींचा पत्ता मुंबईचा दिला. घरात नावांचे पत्ते सांगणाऱ्या पाय-होलला मात्र सांगितलं की हीच नावं कोणी आतून विचारली तर थेट १९२.१६८.१.१० दे. हॉलमधल्या टीव्हीने शेजारच्या कपाटातला सिनेमा मुंबईवरून का आणावा?

सकाळी ११.००

सर्टिफिकेट. व्हॉल्टवॉर्डन तर साध्या एचटीटीपीवर ब्राउझरमधून लॉगिनच होऊ देत नाही, म्हणजे हे टाळण्यासारखं नाही. लेट्स एन्क्रिप्टने डिसेंबर २०१५ मध्ये फुकट सर्टिफिकेट सगळ्यांना खुली केली. त्याआधी घरच्या सर्व्हरसाठी कुणी पैसे मोजून सर्टिफिकेट घेतलं असतं असं मला वाटत नाही.

आधी सवयीने ८० पोर्टवरची तपासणी लावली. ती फसली, कारण ८० मुंबईहून पुढे पाठवलाच नव्हता. मी चूक शोधायच्या आधीच पुन्हापुन्हा आज्ञा चालवत राहिले. एका नावासाठी तासाला पाच वेळा तपासणी फसली की पुढे काही काळ दार बंद. सरावासाठी लेट्स एन्क्रिप्टचं वेगळं स्टेजिंग असतं. तिथे नीट जमल्याशिवाय खऱ्याला हात लावायचा नाही, हे मी ज्युनिअरना नेहमी सांगते. आज घाईत मीच विसरले.

तो वेळ कुकर लावण्यात गेला. नंतर डीएनएसची वाट धरली: डोमेनमध्ये एक टीएक्सटी नोंद टाकायची, तीच मालकीची खूण. यात कुठलाच पोर्ट लागत नाही. शिवाय २०१८ पासून याच वाटेने सगळ्या उपनावांना मिळून एक वाइल्डकार्ड मिळतं. त्याचा आणखी एक फायदा आहे. प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत चढतं. ‘फोटो’साठी वेगळं घेतलं असतं तर ते नाव त्या वहीत जगाला दिसलं असतं. वाइल्डकार्डमध्ये दिसते फक्त चांदणी.

दुपारी २.४५

वरण-भात, अर्धा तास डोळे मिटून पडले. मग एकेक सेवा दाराशी जोडायला घेतली. प्रत्येकीचा नखरा निराळा.

इमिचला ५०२ एरर. एंजिनएक्सही कंटेनरमध्ये आहे आणि मी लिहिलं होतं लोकलहोस्ट. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच! दोघांना एका डॉकर नेटवर्कवर आणलं, कंटेनरच्या नावाने हाक मारली, फोटो दिसले. त्याच हाताने इमिच, जेलीफिन आणि व्हॉल्टवॉर्डनचे बाहेर काढलेले पोर्ट मिटवले. डॉकरने काढलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलला वळसा घालून जातो. फायरवॉल लावलाय म्हणून निर्धास्त झालेली माणसं इथेच फसतात.

होम असिस्टंटने ४०० दिला. प्रॉक्सीमागून आलेल्यावर तो विश्वास ठेवत नाही. विश्वासू प्रॉक्सींच्या यादीत डॉकरचा पट्टा घातला तेव्हा पान उघडलं. तरी दिव्यांची स्थिती हलेना. वेबसॉकेटसाठी ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ ही दोन हेडर पुढे द्यायची राहिली होती.

फोनवरून गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ चढवून बघितला. ४१३. एंजिनएक्स मुळात एका एमबीपेक्षा मोठी विनंती घेतच नाही. फक्त फोटोच्या नावापुरती ती मर्यादा उठवली.

संध्याकाळी ६.१५

फोनचं वायफाय बंद केलं आणि जिन्यात जाऊन ‘फोटो’ उघडलं. उघडलं! पण लॉगमध्ये प्रत्येक पाहुण्याचा पत्ता १०.८.०.१, म्हणजे मुंबईच्या हमालाचाच. खरा माणूस कोण ते कळेना. तिथून ‘प्रॉक्सी प्रोटोकॉल’ सुरू केला. प्रत्येक जोडणीच्या माथ्यावर मूळ पत्ता चिकटून येतो. मात्र घरातली मंडळी थेट येतात, त्यांच्या जोडणीला ती चिठ्ठी नसते. तेव्हा बोगद्यासाठी ८४४३ वेगळा आणि घरच्यांसाठी ४४३ वेगळा.

खरे पत्ते दिसू लागले आणि माझ्या लक्षात आलं की अनोळखी लोक केव्हाचे येऊन बसलेत. ‘डॉट ईएनव्ही’ ही फाइल मागणारा एक. ‘डब्ल्यूपी लॉगिन’ मागणारे तीन. आमच्याकडे वर्डप्रेस नाहीच. हे यंत्रच आहेत, पत्त्यामागून पत्ते ठोठावत जाणारी. पण त्यांना नाव माहीत नसताना उत्तर कोण देत होतं? नाव जुळलं नाही की एंजिनएक्स पहिल्या क्रमांकाच्या साइटकडे पाठवतो, आणि आमच्याकडे अक्षरक्रमाने पहिलं होतं ‘घर’. आमच्या दिव्यांचं लॉगिन पान परक्यांसमोर उघडत होतं. पाठीतून गार शिरशिरी गेली. सगळ्यात वर एक निनावी विभाग लिहिला: ओळखीचं नाव नसेल तर टीएलएसचा हँडशेकच नाकार. लॉगमधली गर्दी तिथल्या तिथे थांबली.

रात्री ८.००

मग बसून ठरवलं, बाहेर काय जाणार. ‘फोटो’ राहील, कारण आईच्या फोनवर आणखी काही बसवायला लावणं मला नको. ‘सिनेमा’ आणि ‘घर’ यांच्या बाहेरच्या नोंदी पुसल्या. पासवर्डची तिजोरी बाहेर लावलीच नव्हती. ही तिन्ही आम्हाला बाहेरून हवी असतील तर फोनवर वायरगार्ड सुरू करायचा. प्रॉक्सी दार दाखवतो. आतली सेवाच कच्ची असली तर तो काय करणार? इमिच अद्ययावत ठेवणं ही आता माझी जबाबदारी.

रात्री ९.२०

आईला फोन लावला. “नुसतं ‘फोटो’, मग डॉट, मग आपलं ते नाव.” तिने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. मग बराच वेळ शांतता.

“अगं, हा हिरवा परकर कधी शिवलास हिला?”

“संक्रांतीला, आई.”

“आणि मला आत्ता दिसतोय!”

तिचा फोन खाली ठेवल्यावर चिठ्ठी चुरगळून टाकली. त्याच चुंबकाखाली आता वेगळा कागद आहे. सर्टिफिकेट ९० दिवसांचं; नूतनीकरण ६० व्या दिवशी आपोआप होईल असं लावलंय. पण संपत आल्याची आठवण करून देणारे मेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केले. म्हणून कालनिर्णयवर ६१ व्या दिवसाभोवती लाल गोल केला आणि आत बारीक अक्षरात लिहिलं: ‘तारीख बदलली का बघणे.’