राई कोणाची?

आमचे गाव मावळात, लोणावळ्यापासून एस.टी.ने तासाभरावर. गावाच्या वरच्या अंगाला देवीची राई आहे. जांभूळ, हिरडा, अंजन, उंबर अशी जुनी झाडे, त्यांवर चढलेली गारंबी आणि मध्ये देवीचा तांदळा. आजी सांगे, "राईतली काडीसुद्धा घरी आणू नये, देवी कोपते." घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्या घमेंडीत मी आजीच्या बोलण्याला हसू लागलो होतो.

गेल्या वर्षी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावाची बैठक झाली. सिमेंटचा सभामंडप बांधायचा आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राईची एक बाजू साफ करायची, असा बेत होता. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा एक आजोबा उठून म्हणाले, "तोडा, पण आधी सांगा, राई कोणाची?" कोणालाच उत्तर देता येईना.

मी तलाठी कार्यालयात जाऊन उतारा पाहिला. जमीन सरकारच्या नावे होती. मग ग्रंथालयात वाचू लागलो. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांवरचा आपला अभ्यास १९७६ साली 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे. त्यांतील कित्येकांची जमीन कागदावर महसूल किंवा वन खात्याची, काहींची खाजगी. म्हणजे राखणारे गाव आणि कागदावरचा मालक निराळे!

मग गावाने राई टिकवली ती कशाच्या बळावर? नियमांच्या. कुऱ्हाड चालवायची नाही, देवकार्याला लाकूड लागले तर आधी देवीला कौल लावायचा. भीती देवीची होती, पण लाभ साऱ्या गावाचा होता. लोणावळा परिसरात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी चैत्रात आमच्याकडे हंडे घेऊन फिरावे लागते. उघड्या उतारावरचे पाणी धावत ओढ्याला जाते. राईत मात्र पाचोळा आणि मुळे ते धरून ठेवतात व सावकाश जमिनीत मुरवतात. आमचा वैशाखातही न आटणारा झरा राईच्या पायथ्याशीच आहे. आजीचा नियम म्हणजे पाणीपुरवठ्याची योजनाच होती, हे मला इतक्या उशिरा कळले.

आता देवीचा धाक ओसरला आहे आणि जमिनीला भाव आला आहे. म्हणून जुना नियम नव्या भाषेत लिहून काढणे भाग आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात, परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला मिळू शकतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळवला. सर्वांचे मत एक होईपर्यंत चर्चा करायची, ही त्या गावाची रीत आहे.

आमच्या गावानेही पुन्हा बैठक घेतली. मंडप जुन्या जोत्याएवढाच बांधायचा आणि गाड्या गावाखालच्या माळावर लावायच्या, असे ठरले. पण तोवर जांभळाची तीन झाडे पडली होती. ज्येष्ठात आम्ही मुलांनी राईतल्याच जांभळाच्या ताज्या बिया तेथे टोकल्या, कारण जांभळाचे बी फार दिवस टिकत नाही. निम्मी रोपे गुरांनी खाल्ली. यंदा काट्यांचे कुंपण घातले आहे. फाल्गुनात वणवा आत शिरू नये म्हणून कडेचे गवत कापून पट्टा मोकळा करायचा, हे काम आळीपाळीने वाटून घेतले आहे. ग्रामसभेचा ठराव मात्र अजून व्हायचा आहे.

मित्रहो, तुमच्याही गावात एखादी राई असेल. सुट्टीत घरी जाल तेव्हा तिचा उतारा जरूर पाहा आणि आपल्या आजीला तिचे नियम विचारून वहीत लिहून घ्या. आजोबांच्या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर मिळाले आहे. राई राखील त्याची. पण हे उत्तर कागदावर आले नाही, तर पुढच्या बैठकीत पुन्हा माझ्यासारखाच कोणी शिकलेला मुलगा हात वर करील.

(द्वितीय वर्ष, कला)